पोकलेनवर बसण्याआधी...

दहावी-बारावी झालेला मुलगा, सोबत वडील किंवा मामा, आणि हातात सर्टिफिकेटचा कोरा कागद. "डॉक्टरसाहेब, पोरगं जेसीबी शिकाले चाल्लं. तेवढी सही द्या." आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या दवाखान्यात ही जोडी आता नवी राहिलेली नाही. माझ्याकडे तर पेरणीच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत आठवड्याला एखादी तरी येतेच. मी मुलाला तपासायला घेतो तेव्हा वडील पुढचे वाक्य ठरल्यासारखे बोलतात, "बसून काम हाय साहेब. ऊन नाही, पाणी नाही."

आजचा लेख या एका वाक्यासाठी आहे. धंदा चांगला आहे, यात शंका नाही. हातात कला येते, शेतीपेक्षा महिन्याच्या पैशांची खात्री असते, आणि चांगल्या ऑपरेटरला काम शोधत फिरावे लागत नाही. पण बसून काम म्हणजे आरामाचे काम, हा समज मात्र काढून टाकला पाहिजे. हे काम शरीराकडून काय काय मागते, ते पहिल्याच वर्षी कळले तर हाच मुलगा पन्नाशीपर्यंत ताठ पाठीने यंत्र चालवील. न कळले तर पस्तिशीतच कमरेला पट्टा बांधून माझ्यासमोर बसेल. असे पट्टेवाले माझ्याकडे बरेच येतात.

यंत्र गावात कसे आले

'जेसीबी' ही जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थांच्या नावाची आद्याक्षरे. त्यांनी १९४५ साली इंग्लंडमध्ये आपला कारखाना सुरू केला. 'पोकलेन' हे एका फ्रेंच कंपनीचे नाव. आपल्याकडे मात्र टायरवर चालणारा, पुढे भरायचा आणि मागे खोदायचा बकेट असलेला कोणत्याही कंपनीचा असो, तो जेसीबीच. चेनवर चालणारा आणि जागच्या जागी गोल फिरणारा तो पोकलेन.

एकेकाळी ही यंत्रे धरणाच्या कामावरच दिसत. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले, २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' आले, २०१८ साली आपल्याच जिल्ह्यात 'सुजलाम् सुफलाम्' मोहिमेत तलावांतला गाळ निघाला. त्यातच ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचे काम आपल्या शिवारांतून गेले; डिसेंबर २०२२ ते जून २०२५ या काळात तो टप्प्याटप्प्याने खुला झाला. या सगळ्या कामांनी गावागावांत यंत्रे आणली आणि यंत्रांबरोबर ऑपरेटरचा धंदा आणला.

हा धंदा शिकण्याच्या वाटा दोन. एक म्हणजे प्रशिक्षण केंद्रात जाऊन रीतसर शिकायचे. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल ही संस्था जेसीबी, पोकलेन यांसारख्या यंत्रांच्या चालकांसाठी अभ्यासक्रम ठरवते. दुसरी वाट आपल्याकडे जास्त रुळलेली: एखाद्या ओळखीच्या ऑपरेटरच्या हाताखाली हेल्पर म्हणून राहायचे. डिझेल भरायचे, ग्रीसिंग करायचे, काचा पुसायच्या आणि दुपारच्या सुटीत उस्तादाने लिव्हर हातात दिला की शिकायचे. केंद्रात यंत्राबरोबर सुरक्षिततेचेही धडे असतात. हेल्परला मात्र उस्ताद करील तेच खरे वाटते. उस्ताद कानात काही घालत नसेल तर शागीर्दही घालत नाही. म्हणून पुढच्या गोष्टी हेल्पर मुलांनी विशेष लक्ष देऊन वाचाव्यात.

पाठीचा हिशेब

आपल्या पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके, आणि दोन मणक्यांमध्ये गादीसारखी चकती. चालताना, धावताना बसणारे हादरे या गाद्या झेलतात. यंत्रावर बसलेल्या माणसाला मात्र हादरे पायांतून येत नाहीत, ते थेट सीटमधून कण्यात येतात. त्यातही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा हलणाऱ्या कंपनाला सगळ्यात जास्त साथ देतो. झोका नेमक्या वेळी ढकलला की तो जसा उंच जातो, तसेच हे आहे. खडबडीत जमिनीवर चालणारी यंत्रे नेमकी याच मापाची कंपने देतात.

पोकलेन एका जागी उभा राहून माती खणत असेल तर हादरे त्या मानाने कमी. त्याला दगड फोडायचा ब्रेकर लावला की वाढतात. डोझर, डंपर आणि खड्ड्यांतून पळवला जाणारा जेसीबी यांचे हादरे सर्वांत वाईट. युरोपातील देशांनी २००२ साली यासाठी माप ठरवले. आठ तासांच्या कामात हादऱ्यांची सरासरी ०.५ (मीटर प्रति सेकंद वर्ग) झाली की मालकाने उपाय सुरू करायचे आणि १.१५ च्या वर कोणत्याही परिस्थितीत जाऊ द्यायचे नाही. आपल्या साइटवर हे मोजायला यंत्र नसते. पण दिवसभराचे काम संपल्यावर कंबर धरून खाली उतरावे लागत असेल, तर माप पाठीनेच सांगितलेले असते.

मग करायचे काय? पहिले, सीट. चांगल्या यंत्राच्या सीटखाली स्प्रिंग किंवा हवेची व्यवस्था असते आणि चालकाच्या वजनाप्रमाणे ती जुळवायची खूण असते. माझ्याकडे आलेल्या ऑपरेटरांना मी विचारतो, "ती खूण कधी फिरवली?" बहुतेकांना ती आहे हेच माहीत नसते. नव्वद किलोच्या उस्तादासाठी जुळवलेली सीट पन्नास किलोच्या पोराला हादऱ्यांपासून वाचवीत नाही. सीट फाटली की तिच्यावर पोते किंवा गोधडी घालून वर्षानुवर्षे काम ओढले जाते, तेही बंद झाले पाहिजे.

दुसरे, वेग. हादरा वेगाबरोबर वाढतो. यंत्राच्या जाण्यायेण्याची वाट सकाळी बकेटने सपाट करून घ्यायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे दिवसभर पाठ वाचवतात. तिसरे, वळणे. मागे पाहायचे तर कंबर पिळून पाहू नये, आरसे नीट लावावेत आणि जेसीबीची सीट पूर्ण फिरवावी. चौथे, तासाभराने पाच मिनिटे खाली उतरून चालावे. आणि पाचवे, जे कोणी सांगत नाही: दोन-तीन तास हादरे खाऊन उतरल्याबरोबर डिझेलचा कॅन उचलू नये. त्या वेळी कण्याचे स्नायू दमलेले असतात आणि चकतीला इजा होण्याचा धोका जास्त असतो. थोडे चाला, पाणी प्या, मग उचला.

उतरताना उडी मारायची नाही. तोंड यंत्राकडे करून, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात कायम टेकलेला ठेवून उतरायचे. केबिनमधून दिवसाला दहा उड्या म्हणजे वर्षाला किती, याचा हिशेब गुडघ्यांना विचारावा.

कंबरदुखी आराम आणि व्यायामाने बहुतेक वेळा बरी होते. पण दुखणे गुडघ्याच्या खाली पायात उतरले, पाय बधिर झाला किंवा पंजा उचलेना झाला, तर डॉक्टरांना दाखवावे. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, किंवा बसायच्या जागेची संवेदना गेली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. तेथे एक-एक तास मोलाचा असतो. मालिशवाल्याकडे जाण्याची ती वेळ नव्हे.

कान आणि छाती

पाठ दुखते तेव्हा कळते. कान जाताना कळत नाही. सततच्या आवाजाने कानाच्या आतल्या सूक्ष्म पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. सुरुवातीला चार हजार हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे उंच पट्टीचा आवाज ऐकू येईनासा होतो. बायकोचे, मुलांचे बोलणे अस्पष्ट वाटते, चारचौघांत संवाद कळत नाही, रात्री कानात शिट्टी वाजते. घरचे म्हणतात, "याचं लक्षच नसते." लक्ष असते, कान नसतो.

आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही जगभर सावधगिरीची रेषा मानतात. ती ओळखायची सोपी युक्ती आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावे लागत असेल, तर तेथे आवाज या रेषेच्या वर आहे. ब्रेकर चालू असताना खाली उभ्या हेल्परने कान झाकलेच पाहिजेत. कानात घालायचे प्लग फार महाग नसतात. कापसाचा बोळा मात्र उपयोगाचा नाही.

धुळीचेही तसेच. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ नाकात अडकते. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते ती न दिसणारी, पाच मायक्रॉनपेक्षा बारीक. दगडातली सिलिका अशा धुळीतून वर्षानुवर्षे आत गेली की सिलिकोसिस होतो. त्याने फुप्फुस कडक होते, दम लागतो आणि क्षयरोगाचा धोका वाढतो. सिलिकोसिस बरे करणारे औषध नाही. आपल्या काळ्या दगडात मुक्त सिलिका ग्रॅनाइट किंवा वाळूच्या दगडापेक्षा कमी असते, ही जमेची बाजू. पण कामे मिळतात तेथे ऑपरेटर जातो, आणि प्रत्येक जिल्ह्याचा दगड काळा नसतो. शिवाय डिझेलचा धूर आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली त्याला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले.

या दोन्ही शत्रूंवर एकच स्वस्त उपाय आहे: केबिनचे दार आणि काच बंद ठेवणे. बंद केबिनमध्ये आवाजही कमी, धूळही कमी. पण दार बंद ठेवायचे तर आतले एसी चालू हवे आणि त्याचा फिल्टर साफ हवा. डिझेल वाचवायला एसी बंद ठेवायला सांगणाऱ्या मालकांनी हे एकदा समजून घ्यावे. दगड फोडताना पाणी मारले की धूळ जागीच बसते. खाली उभ्या माणसाने तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क लागतो.

झोप, पाणी आणि पुडी

साइटवर मुदत जवळ आली की रात्रपाळी लागते. दिवसा पत्र्याच्या खोलीत झोप होत नाही आणि रात्री पुन्हा लिव्हर हातात. १९९७ साली शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सतरा तास सलग जागा राहिलेल्या माणसाच्या हातांची आणि नजरेची चपळाई, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकीच उतरते, असे त्यांना दिसले. आपल्या मोटार वाहन कायद्यात वाहन चालवणाऱ्यासाठी मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. थेंबही न घेता, नुसत्या जागरणाने माणूस त्या अवस्थेच्या पलीकडे जातो. वीस टनांचे यंत्र आणि खाली उभा हेल्पर, एवढे डोळ्यांसमोर आणले की पुरे. सर्दीच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते. यंत्रावर जायचे असेल तर औषध घेताना डॉक्टरांना धंदा सांगा.

पाण्याचे म्हणाल तर साइटवर लघवीला जायची सोय नसते, म्हणून पोरे पाणीच पीत नाहीत. आपल्या भागातला उन्हाळा आणि बिनएसीची केबिन, यात मुतखडा व्हायला वेळ लागत नाही. लघवी पिवळी धमक झाली की पाणी कमी पडले, असे समजावे. घाम फार जात असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून दिवसभर घोट-घोट घ्यावे. चमचा चहाचा. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

पुडीबद्दल काय लिहावे? गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि तरी दवाखान्यात तोंड उघडायला सांगितले की दोन बोटे मावत नाहीत, अशी पंचविशीची पोरे दिसतात. "झोप येऊ नये म्हणून खातो" हे त्यांचे उत्तर. झोपेवर औषध झोपच. तोंडाचा कर्करोग हे तिचे औषध नव्हे.

सुईएवढे भोक

एक गोष्ट मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण ती हेल्परवर येते आणि ती कोणाला माहीत नसते. यंत्राच्या पाइपांतून वाहणाऱ्या हायड्रॉलिक तेलाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला २०० किलोहून अधिक असतो. पाइपाला सुईएवढे भोक पडले की त्यातून दिसणारही नाही अशी धार सुटते. पोरगं गळती शोधायला पाइपावरून हात फिरवते, आणि ती धार कातडी भेदून आत जाते.

काही वर्षांपूर्वी एक बावीस वर्षांचा हेल्पर बोटावर टोचल्याची खूण घेऊन माझ्याकडे आला. रक्त नाही, फारसे दुखणेही नाही. सोबतचा म्हणाला, "धनुर्वाताचं इंजेक्शन द्या, परत जाऊ द्या." कशाने टोचले हे विचारल्यावर तेलाचे नाव निघाले, आणि त्याला तसाच गाडीत बसवून शस्त्रक्रियेच्या सोयीच्या रुग्णालयात पाठवले. रात्रीपर्यंत हात मनगटापर्यंत सुजला होता. बोट उघडून आतले तेल धुवावे लागले. हात वाचला, कारण तो वेळेवर पोहोचला. असे तेल तासन्‌तास आत राहिले तर बोट, कधी हातही, कापावा लागतो. म्हणून गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा तुकडा धरून, यंत्र बंद करून आणि दाब उतरवून. आणि टोचलेच, तर डॉक्टरांना पहिले वाक्य हे सांगायचे: "दाबाचं तेल आत शिरलंय."

दुसरी गोष्ट विजेच्या तारेची. बूम वरच्या तारेला लागली तर घाबरून खाली उतरायचे नाही. केबिनमध्येच बसून राहायचे, खालच्यांना दूर हाकायचे आणि वीजपुरवठा बंद होईपर्यंत थांबायचे. एक पाय यंत्रावर आणि एक जमिनीवर पडला, तर वीज तुमच्यातूनच जाईल. यंत्र पेटले म्हणून उतरणे भागच पडले, तर यंत्राला हात न लावता दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारावी आणि पाय न फाकवता टुणटुण उड्या मारत दूर जावे. उतारावर यंत्र कलंडले तरी बाहेर उडी घ्यायची नाही. पट्टा बांधून आत राहणारा वाचण्याचा संभव जास्त. बाहेर उडी घेणारा बहुधा यंत्राखालीच सापडतो.

सही करण्याआधी मी काय पाहतो

नजर दूरची आणि जवळची, रंगांची ओळख, दोन्ही कान, रक्तदाब, साखर, छाती, पाठ. फेफरे येत असल्यास हा धंदा नको, हे मी स्पष्ट सांगतो. लपवून घेतलेली सही त्याच्याच अंगावर येते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी यंत्रावर बसायचे नाही, आणि केबिनमध्ये साखर ठेवायची. जो मोठ्याने घोरतो आणि दिवसा डुलक्या घेतो, त्याची झोपेची तपासणी व्हायला हवी. धनुर्वाताची लस राहिली असेल तर तीही देतो.

ही तपासणी एकदाच करून भागत नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखाली केंद्राने १९९८ साली केलेल्या नियमांत भार उचलणारी यंत्रे आणि वाहतुकीची साधने चालवणाऱ्यांसाठी वेळापत्रकच दिले होते: कामावर घेण्याआधी, आजारपण किंवा दुखापतीनंतर, चाळिशीपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या संहितेने घेतली आहे. ठरावीक वयाच्या किंवा वर्गाच्या कामगारांची वार्षिक तपासणी मालकाने विनामूल्य करून द्यावी, हे त्या संहितेतही आहे. कायद्याचे नाव कोणतेही असो, दोन वर्षांचे ते वेळापत्रक वैद्यकीय दृष्टीने उत्तम आहे, आणि ते पाळायला कोणाच्या हुकमाची वाट पाहायला नको. बांधकामावर वर्षभरात नव्वद दिवस काम झाले असेल तर कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीही करून ठेवावी.

थोडक्यात

• सीट स्वतःच्या वजनाप्रमाणे जुळवा. तासाभराने पाच मिनिटे उतरून चाला.
• यंत्रावरून उडी नको. उतरल्या-उतरल्या ओझे नको.
• केबिनचे दार बंद, पट्टा बांधलेला. बाहेर असाल तर कानात प्लग, तोंडाला मास्क.
• तेलगळती पुठ्ठ्याने शोधा, हाताने नाही.
• सात तास झोप झाली नसेल तर मालकाला तसे सांगा.
• दर दोन वर्षांनी, चाळिशीनंतर दरवर्षी, कान, डोळे, छाती आणि साखर तपासा.

शेवटी दोन शब्द मालकांसाठी. यंत्राचा आवर-मीटर पाहून तुम्ही ठरल्या तासांना तेल बदलता, फिल्टर बदलता, ग्रीस भरता. ते करावेच, यंत्र लाखोंचे आहे. पण वर बसलेल्या माणसाला मीटर नाही, आणि त्याच्या मणक्यातली गादी कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळत नाही. पुढच्या वेळी यंत्राची सर्व्हिसिंग काढाल, त्याच दिवशी ऑपरेटरलाही डॉक्टरकडे पाठवा.